नव्वद दिवसांची भाकर

पन्नास वर्षं मी भट्टीपुढे उभा आहे. पाव शिळा निघाला म्हणून भांडणारे पाहिले, कच्चा निघाला म्हणून तोंडावर फेकणारे पाहिले. पण बिघडलेला पाव मुद्दाम मागणारा माणूस जन्मात एकच पाहिला.

"करपलेला आहे का? किंवा मधे बसलेला? आत कच्चा राहिलेलाही चालेल," त्याने विचारलं. इतक्या शुद्ध मराठीत विचारलं की मला वाटलं, अन्नतपासणीवाला आला.

"आमच्या भट्टीत बिघडत नाई," मी म्हटलं.

"सगळ्यांच्या भट्टीत बिघडतो, काका. तुम्ही लपवता कुठे, तेवढं सांगा."

अशा माणसाला दारातूनच वाटेला लावायचं असतं. पण मागे माझा धाकटा भाऊ हसला. तो पोत्यांमागे बसून टोस्ट पुड्यात भरत होता. भाऊ सहसा हसत नाही, म्हणून मी आत गेलो आणि चार करपलेले पाव आणून त्या माणसापुढे टाकले. त्याने एकेक पाव कानाशी धरला, टरबूज ठोकतात तसा बोटाने ठोकला, आणि दरवेळी वहीत काही लिहिलं. मग माझ्या मागची शिडी पाहून म्हणाला, "वरची खोली भाड्याने देता का?"

चाळिशीचा असेल. हैदराबादचा, त्याचे आजे-पणजे कधीकाळी तिकडे जाऊन नोकरीपेशात स्थिरावलेले. दोन बॅगा आणि एक वजनाचा काटा घेऊन आला होता. आमच्या उटनूरात त्याचं कोणी नव्हतं. कशासाठी आला ते त्याने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं; मी त्याला ते तीन वेळा सांगायला लावलं, तेव्हा कुठे मला समजलं.

त्याची कंपनी कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवत होती. खेळात जग बुडालेलं आहे. एक माणूस जंगलात एकटा उरला आहे, आणि त्याने जगायचं आहे, बस. जंगल त्यांनी आमच्या इकडचं घेतलं होतं. माणसं येऊन सागाचे आणि मोहाचे फोटो काढून गेली होती. याचं म्हणणं, जंगल तिथलं तर भाकरही तिथली पाहिजे. त्यावर साहेबांशी भांडून तो इकडे निघून आला होता.

"बंदुका बनवणारे आमच्याकडे सोळा जण आहेत," तो म्हणाला. "वाघ बनवणारे चार. भाकर बनवणारा मी एकटा."

माझी सून शाळेत शिकवते. तिला गप्प बसवत नाही. ती म्हणाली, "खोटी भाकर बनवाले खऱ्या भाकरीची काऊन गरज पडते जी?"

"वहिनी, दुसऱ्या खेळांत माणूस शेतातला गहू उपटतो, तोंडात टाकतो आणि त्याचं पोट भरतं. दळण नाही, सरपण नाही, चटका नाही. असं पोट भरायला लागलं की भूक पण खोटी होते. मग तो माणूस कशासाठी पळतोय तेच कळत नाही."

सून मला नंतर म्हणाली, "माणूस येडा आहे, पण बोलते बरोबर."

वरच्या खोलीत त्याने फळ्या ठोकल्या. फळ्यांवर काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीत पावाचा नाही तर भाकरीचा एक तुकडा आणि तारखेची चिठ्ठी. बुरशी कोणत्या दिवशी येते, आधी पांढरी की हिरवी, मुंग्या कधी लागतात, याचे तो रोज एकाच वेळी फोटो काढायचा. खोलीचा वास भट्टीपर्यंत यायचा. सून खिडकी उघडायला गेली की ओरडायचा, "वारा नको! वाऱ्याने बुरशी बदलते!" गल्लीत त्याचं नाव वजनकाटा पडलं. त्याला ते कळलं तेव्हा म्हणाला, "काट्यात चार ग्रॅमची चूक आहे. ते नाव मला नको."

गोड बोलणं त्याला येत नव्हतं. माझा लोण्याचा बन दूरदूरचे लोक नेतात. त्याने तो अंगठ्याने दाबला, तो वर यायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि म्हणाला, "आळशी आहे." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मळताना पाणी कमी घातलं. बन आळशीच होता, हे मला मान्य करावं लागलं. त्याला सांगितलं नाही.

एक सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो. माझ्या जन्मात माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं, एकदा पोलिसांनी घेतलं ते सोडून. हा पदव्या घेतलेला माणूस भट्टीसमोर उकिडवा बसायचा आणि मी बोललो ते लिहायचा. आदिलाबादला उस्तादाच्या हाताखाली असताना आम्ही शिंदीच्या ताडीवर पीठ कसं फुगवायचो, ते मी त्याला करून दाखवलं. त्याने पुस्तकातून आणि फोनवरून भट्टीच्या उष्णतेचा काही आकडा काढला होता. मी म्हटलं, हात आत घाल आणि मोज; बारापर्यंत टिकला तर पाव घाल, आठातच काढावा लागला तर थांब. त्याने दोन्ही तऱ्हेने भाजून पाहिलं. माझं खरं निघालं. त्या दिवशी त्याने वहीतलं फोनवरचं सगळं खोडलं.

"आता फोन आणि तुम्ही यात फरक पडला तर मी तुमचं धरणार," तो म्हणाला. "ज्यांनी ते लिहिलं त्यांनी भट्टीत हात घातलेला नाही."

मी फुगलो. खोटं कशाला बोलू.

एकदा तो दोन दिवस काही न खाता बसला. भूक कितव्या तासाला डोक्यात चढते ते पाहायचं होतं. मला राग आला. मी वर जाऊन म्हटलं, "साहेब, हा उपास झाला. उपासाले संध्याकाळ राह्यते. उपासमारीले नाई राहात."

त्याने पेन्सिल उचलली, लिहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही पाहिली आहे."

"भट्टी थंडी होईल," मी म्हटलं आणि खाली उतरलो.

आषाढाच्या तोंडी तो नार्नूरच्या बाजारातून तीन पिशव्या घेऊन आला. मोहाची वाळलेली फुलं, कोदोचं भरड धान्य, आणि नदीपलीकडच्या कोणा व्यापाऱ्याकडची लाखोळी. मोहाची भाकर त्याने आधीच खाऊन पाहिली होती; विकणारी बाई हसली म्हणे, "हे आमी लपून खातो आन् तू पैसे देऊन घेतोस." कोदोही त्याला माहीत होता. लाखोळीची मूठ त्याने माझ्या फळीवर ओतली.

"हिच्याबद्दल सांगा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. लाखोळी म्हणजे चपट्या, कोनाकोनाच्या दाण्याची डाळ. तुरीसारखी दिसते, चवीलाही वाईट नाही. पाणी मागत नाही. सगळं रान वाळतं तेव्हा ही उभी राहते. म्हणून ज्याच्याजवळ दुसरं काही नसतं त्याच्या घरात ही असते.

मी त्याला आमची आई ती कशी करायची ते सांगितलं. सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. रात्री गरम पाण्यात भिजवायची. सकाळी पाट्यावर वाटायची. त्याच पाण्यात मूठभर ज्वारीचं पीठ घालून भाकर थापायची. उरलेलं पाणी मीठ टाकून प्यायचं.

"पाणी फेकायचं नाही?" त्याने विचारलं. "मी वाचलं, भिजवलेलं पाणी फेकलं नाही तर पाय जातात. खरं का?"

"उपाशी माणूस पाणी फेकते का?"

"ते कळलं. पण पाय?"

भाऊ मागे पुडे बांधत होता. त्याचे हात थांबले. मला दिसलं नाही, पण कागदाचा आवाज थांबला.

"झूट आहे," मी म्हटलं. "लिवणाऱ्यायनं काय बी लिव्हलं. आमच्या गावात लय जणं खात. कोणाचा पाय गेला नाई."

"छोट्या काकांच्या पायाला काय झालं?"

"बंडीवरून पडला. आमच्या बापाची घुंगराची बंडी होती, दोन पांढरे बैल. नाल्यात बैल बुजला आन् चाक याच्या पायावरून गेलं."

तो भावाकडे वळला. "हो का, छोटे काका?"

भाऊ म्हणाला, "दादा सांगते तसंच."

ते खोटं होतं. खरं काय ते लिहितो.

मोठ्या दुष्काळाच्या साली मी अठरा-एकोणीस वर्षांचा होतो आणि आदिलाबादला उस्तादाच्या भट्टीवर होतो. सकाळी चहात बुडवून दोन पाव, रात्री सालन, म्हणजे रस्सा, आणि पाव. घरी आई, बाप आणि धाकटा. बापाला मालकाकडून मजुरीत लाखोळी मिळायची, दुसरं काही नाही. धाकटा सतरा वर्षांचा, खडी फोडायच्या कामावर जायचा, त्याला भूक जास्त, म्हणून आई त्याला जास्त द्यायची. दिवाळीच्या आधी मी घरी गेलो तेव्हा तो मला घ्यायला वेशीपर्यंत आला. टाचा जमिनीला लागत नव्हत्या. एक गुडघा दुसऱ्याला घासत होता. मी हसलो. मला वाटलं तो सोंग करून राहिला.

लाखोळी खाणारं घर म्हणजे कोणत्या पायरीचं ते तेव्हा सगळ्यांना कळायचं. माझ्या लग्नाची बोलणी आली तेव्हा मुलीकडच्यांनी भावाचं विचारलं, आणि बंडी माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाली. नंतर तिला बैल लागले, मग घुंगरं. माझं लग्न झालं. भावाचं झालं नाही. दुकान टाकल्यावर मीच त्याला पोत्यांमागची जागा दिली आणि सांगितलं, गिऱ्हाईक असेपर्यंत उठायचं नाही. तो उठला नाही.

तर त्या साहेबाने माझं धरलं. खेळात पावसाळा नव्वद दिवसांचा होता. नव्वद दिवस माणसाजवळ एकच धान्य उरलं तर त्याचं काय होतं, हे त्याला पाहायचं होतं. फोनवर एक लिहिलं होतं आणि मी दुसरंच सांगितलं होतं. त्याने लाखोळीच्या दोन गोण्या मागवल्या.

तो खेळातल्या माणसासारखाच राहायला लागला. पहाटे जंगलात जाऊन सरपणाची मोळी आणायचा. आमच्या आईच्या पाट्यावर लाखोळी स्वतः वाटायचा आणि तेवढीच भाकर खायचा. पाणी फेकत नव्हता. दर आठवड्याला मैद्याचं पोतं उचलून पाहायचा की ताकद किती उरली. एकदा त्याच्या साहेबांचा फोन आला होता तो मी ऐकला. इकडून हा म्हणत होता, "नाही, मी वेडा नाही झालो. तुमच्या बंदुकीची गोळी तुम्ही खाऊन पाहिली नाही, त्यात माझा काय दोष?"

आणि मी काय करत होतो? मी रोज मोजत होतो. दहा झाले, वीस झाले. वाटायचं, कंटाळेल. हा काही सालगड्याचा पोरगा नाही, अंगात दुधातुपाचं बळ आहे, याला काही होणार नाही. सांगायला तोंड उघडायचं म्हटलं की ती बंडी आडवी यायची. एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, "दादा, साहेबाले सांगून दे." मी म्हटलं, "तू तुयं काम कर." एवढंच आमचं बोलणं झालं.

मग मी एक युक्ती काढली. रोज सकाळी पहिल्या घाण्यातले दोन गरम बन लोणी लावून वर पाठवायला लागलो. सून नेऊन द्यायची. मला वाटायचं, तेवढं अन्न पोटात गेलं की विष पातळ होईल. थाळी रिकामी परत यायची. मी रात्री निवांत झोपायचो.

एकाहत्तराव्या दिवशी सकाळी तो शिडीवरून खाली उतरला. मी भट्टीतून पावांचा पत्रा ओढत होतो. शेवटच्या पायरीवरून त्याने जमिनीवर पाय ठेवला आणि टाच लागली नाही. दुसरा ठेवला, तीही नाही. तो गंमत वाटल्यासारखा आपल्या पायांकडे पाहत होता.

"आठ दिवस पोटऱ्यांत गोळे येतात," तो म्हणाला. "आज गुडघे वाकायला तयार नाहीत. मोळ्या जास्त झाल्या वाटतं."

मी पत्रा तसाच भट्टीच्या तोंडावर ठेवला.

"साहेब, आजपासून थे भाकर बंद."

"अजून एकोणीस दिवस आहेत, काका."

"बंद म्हणतो नं मी!"

"कारण सांगा. कारण नसताना मोजणी अर्धी सोडता येत नाही."

मी तोंड उघडलं. मला अजून आठवतं, मी म्हणणार होतो की हवा खराब आहे, दाण्याला कीड लागली आहे. तेवढ्यात मागून भाऊ बोलला.

"बंडी नवती म्हण त्याले."

दारात सून शाळेचा डबा घेऊन उभी होती. तिलाही बंडीच माहीत होती. तिच्या लग्नात मी तिच्या बापाला त्या बैलांचं वर्णन करून सांगितलं होतं.

"बंडी नवती," मी म्हटलं. "बैल नवते. बाप सालगडी होता, त्याच्याजवळ बंडी कोठची? यानं लाखोळी खाल्ली. चार महिने. पाय त्याच्यानं गेले. गावात आणखीनही जणायचे गेले."

"आणि पाणी?"

"पाणी फेका लागते. नंतर सरकारी माणूस सांगून गेला. तवा उशीर झाला होता."

तो पोत्यावर बसला. दोन्ही हातांनी पोटऱ्या चाचपल्या. मला वाटलं, आता उठून मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने खिशातून वही काढली.

"छोटे काका, तुमचं सुरू झालं तो कितवा दिवस होता?"

"मोजले नाई, बापू."

"आधी पोटऱ्या की गुडघे?"

"पोटऱ्या. मंग गुडघे. मंग एक दिवस पाऊस लागला अंगाले आन् दुसऱ्या दिवशी उभंच राहता येईना."

"पाऊस," तो म्हणाला, आणि लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच बारीक आणि सरळ होतं.

सून बोलली ती फक्त मला. "मामाजी, एकाहत्तर दिवस तुमी रोज पाह्यलं?"

आदिलाबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जेवढं गेलं तेवढं गेलं. खाणं बंद झालं म्हणून पुढचं थांबेल एवढंच. त्याची बहीण गाडी घेऊन आली. शिकलेली, शांत बाई. सामान आवरायला आम्ही वर गेलो. खिडकीखालच्या फळीवर एका ओळीत माझे बन होते. पहिल्या दिवसापासूनचे. प्रत्येक बरणीत एक, वर तारीख. लोणी कोणत्या दिवशी खवट होतं, त्याची वेगळी चिठ्ठी. दुसरा बन तो कावळ्यांना घालत असे, हे सुनेला माहीत होतं. मला सांगायचं तिला सुचलं नव्हतं, कारण मी का पाठवतो तेच तिला माहीत नव्हतं.

बहीण माझ्याजवळ आली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

ती आणखी काही विचारेल म्हणून मी उभा राहिलो. बरण्या मागच्या सीटवर ठेवा, फुटता कामा नयेत, म्हणून तो खाली गाडीतून ओरडत होता. तिने त्या एकेक करून ठेवल्या.

नंतर बरेच दिवस घरात बोलणं कमी झालं. सून जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही. मुलगा निर्मल गावात नोकरीला असतो, तो सुट्टीला आला. तिने त्याला सांगितलं असावं, कारण तोही आजोबांच्या बैलांबद्दल काही बोलला नाही. भाऊ होता तसाच होता. पुडे बांधायचा. मीच एक दिवस म्हटलं, "आता उठत जा कवाही." तो म्हणाला, "आता सवय नाई."

सात-आठ महिने गेले असतील. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. सुनेच्या फोनवर त्या साहेबाचा चेहरा दिसला. गाल बसले होते. कसे आहात, बरे आहात, असं काही त्याने विचारलं नाही.

"हे बघा," म्हणाला आणि फोनमध्ये जंगल दिसलं. आमचंच जंगल. सागाची पानं, मोहाखालची माती, सगळं. एक माणूस मोळी घेऊन चालला होता. टाचा वर, गुडघे घासत. मी मान वळवली.

"हा एकाहत्तरावा दिवस," त्याचा आवाज आला. "कंपनीतले म्हणतात, ही चाल म्हणजे मशीनची चूक वाटते. माणूस असा चालत नाही. काढून टाक म्हणतात."

"मंग काढून टाक."

"मी स्वतः चालून दाखवलं, काका. म्हणतात, तू नक्कल करतोस. कुबड्या पाहूनही म्हणतात, हा याचाच एखादा प्रयोग असेल." तो हसला. त्याचं हसणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "मला छोट्या काकांची चाल पाहिजे. पन्नास वर्षांची आहे. तिला कोणी खोटी म्हणणार नाही. ही गेली, तर माझं सगळंच गेलं. पायही फुकट गेले."

"माया भाऊ तमाशा नाई," मी म्हटलं. "ठेव फोन."

भावाने सुनेच्या हातातून फोन घेतला होता. तो डोळे बारीक करून ते जंगल पाहत होता, पुन्हा पुन्हा.

"टाच आणखीन वर पाह्यजे त्याची," तो म्हणाला. "आन् असा वळत नाई. आधी खांदा जाते, मंग कंबर, मंग पाय. पाय तं शेवटी येते."

"दाखवा," फोनमधून आवाज आला.

"धाकट्या, बस खाली. गिऱ्हाईक आहे."

"राहू दे नं गिऱ्हाईक."

त्याने दोन्ही हात पोत्यांवर टेकले आणि उठला. सुनेने फोन घेऊन माझ्या हातात दिला. "तुमीच धरा, मामाजी. मी वाटेतले पत्रे उचलते."

तो पोत्यांमागून निघाला, काउंटरच्या फटीतून बाहेर आला, पायरी उतरला आणि रस्त्यापर्यंत गेला. बाजाराला आलेले लोक थांबले. चहावाला वीस वर्षं आमच्याकडून टोस्ट नेतो, तो म्हणाला, "अरे बाप्पा, यायले चालतांना मी आजच पाह्यलं." रस्त्यावर भाऊ वळला. आधी खांदा, मग कंबर, मग पाय. परत आला.

"आणखी एकदा, छोटे काका. जरा हळू. बाजूने दिसलं पाहिजे."

तो पुन्हा गेला. कपाळावर घाम होता. दोनदा गुडघ्याला गुडघा लागून तोल गेला. कोणी हात दिला तर नको म्हणाला. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला नीट लिहिता येत नाही. लाज नव्हती, एवढं सांगतो.

"काका, तुमचा हात हलतोय," फोनमधून तो म्हणाला. "दोन्ही हातांनी धरा."

मी दोन्ही हातांनी धरला. भाऊ तिसऱ्यांदा रस्त्याकडे निघाला.